अपडेटनंतर कर्नलचा क्रमांक वाचताना या चुका टाळा

लिनक्ससारख्या प्रणालीचे अपडेट विनातक्रार पार पडूनही चालू कर्नलचा (प्रणालीच्या गाभ्याचा) क्रमांक सांगणारी ‘यूनेम -आर’ ही कमांड कालचाच क्रमांक दाखवते, किंवा क्रमांक बदललेला असतो पण सुरक्षा-सूचनेतील क्रमांकाशी त्याचा काही मेळ बसत नाही. अशा वेळी अपडेटच फसले असे गृहीत धरून पॅकेजे पुन्हा बसवण्याचा, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसरीकडून आणलेला कर्नल बसवण्याचा खटाटोप सुरू होतो. बहुतेक वेळा तो अनाठायी असतो. एकाच यंत्रावर निदान चार वेगळे क्रमांक नांदत असतात: या क्षणी चालू असलेल्या कर्नलचा, डिस्कवर बसवलेल्या कर्नल-पॅकेजचा, तो कर्नल ज्या मूळ आवृत्तीवरून बांधला तिचा, आणि संपूर्ण प्रणालीचा. आपल्याला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणता क्रमांक देतो हे आधी ठरवले नाही, तर अचूक वाचलेला आकडाही चुकीच्या निष्कर्षाकडे नेतो.

कमांड आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावीत.

बसवलेला कर्नल म्हणजे चालू कर्नल, असे समजणे

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. ‘यूनेम’ डिस्कवर काहीही शोधत नाही; ती चालू कर्नललाच त्याचे नाव विचारते. अपडेटमुळे ‘/बूट’ या निर्देशिकेत नवी फाइल येते, मात्र मेमरीत आधीपासून असलेला कर्नल रीबूट होईपर्यंत जागचा हलत नाही. म्हणून अपडेटनंतर लगेच जुना क्रमांक दिसणे हे पूर्णपणे अपेक्षित आहे. उबंटूवर ‘/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल तयार झाली असेल, किंवा रेड हॅटच्या कुळातील प्रणालीवर ‘नीड्स-रीस्टार्टिंग -आर’ ही कमांड रीबूटची गरज सांगत असेल, तर त्याचा अर्थ इतकाच. डिस्कवर काय आहे ते जाणून घेण्यासाठी पॅकेज व्यवस्थापकालाच विचारावे लागते: डेबियन आणि उबंटूवर ‘डीपीकेजी -एल’ च्या यादीतील लिनक्स-इमेजच्या ओळी पाहाव्यात, रेड हॅटवर ‘आरपीएम -क्यू कर्नल’ द्यावे.

या दोन क्रमांकांतील तफावत नेहमीच निरुपद्रवी असते असे मात्र नाही. आर्च लिनक्सवर कर्नलचे अपडेट झाले की चालू कर्नलची मॉड्यूले (गरजेनुसार जोडले जाणारे भाग) असलेली निर्देशिका सर्वसाधारणपणे काढून टाकली जाते आणि तिच्या जागी नव्या आवृत्तीची निर्देशिका येते. चालू कर्नल मात्र आपल्याच क्रमांकाची निर्देशिका शोधत राहतो. त्यामुळे अपडेटनंतर काही वेळाने पेनड्राइव्ह लावला तर तो माउंट होत नाही, आणि ‘मॉडप्रोब’ ही मॉड्यूल जोडणारी कमांड हाताने चालवल्यास व्हीफॅटचे (पेनड्राइव्हवरील फाइलप्रणालीचे) मॉड्यूल अमुक निर्देशिकेत सापडले नाही असा संदेश येतो. त्या संदेशातील निर्देशिकेचे नाव नीट वाचले तर त्यात जुन्या कर्नलचा क्रमांक दिसतो आणि निदान तिथेच होते. पण संदेश शेवटपर्यंत वाचण्याऐवजी पेनड्राइव्हलाच दोष देण्याकडे कल असतो.

रीबूट केल्यानंतरही जुनाच क्रमांक दिसत असेल तर मात्र खरोखर तपास करण्याची वेळ आलेली असते. पहिली जागा ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’. ग्रब या बूटलोडरमार्फत (यंत्र सुरू होताना कर्नल उचलणाऱ्या प्रोग्रॅममार्फत) सुरू झालेल्या यंत्रावर तेथे ‘बूट_इमेज’ या नावापुढे कोणती कर्नल-फाइल उचलली गेली ते बहुधा लिहिलेले असते. ती फाइल जुनी असेल तर ग्रबच्या सेटिंगमध्ये मूळ पर्याय ‘सेव्हड’ ठेवलेला आहे का, म्हणजे पूर्वी कधीतरी निवडलेली नोंदच पुनःपुन्हा उचलली जात आहे का, ते पाहावे. रेड हॅटवर ‘ग्रबी --डिफॉल्ट-कर्नल’ हे थेट सांगते. दुसरी शक्यता ‘/बूट’ भरून गेल्याची. स्वतंत्र आणि लहान विभाजन असेल तर जुने कर्नल साठत जातात, नव्या कर्नलसाठी इनिट्रॅमएफएस (सुरू होताना लागणारी तात्पुरती फाइलप्रणाली) तयार करताना जागा संपते आणि पॅकेज अर्धवट बसलेल्या अवस्थेत राहते. ‘डीएफ’ आणि ‘डीपीकेजी --ऑडिट’ या दोन कमांडनी हे लगेच उघडकीस येते. तिसरी शक्यता अधिक फसवी आहे. ‘/बूट’ हे स्वतंत्र विभाजन असूनही अपडेटच्या वेळी ते माउंट झालेले नसेल, तर नवी फाइल मूळ विभाजनावरील ‘/बूट’ नावाच्या रिकाम्या निर्देशिकेत जाऊन पडते आणि बूटलोडर खऱ्या विभाजनावरचा जुना कर्नलच उचलत राहतो. पॅकेज व्यवस्थापकाच्या दृष्टीने सर्व काही यथासांग झालेले असते, म्हणून त्याच्या नोंदींत या गोंधळाचा मागमूसही सापडत नाही.

मधल्या शून्याला आवृत्ती मानणे

उबंटू २२.०४ वरील एक क्रमांक घेऊ: ‘५.१५.०-९१-जेनेरिक’. हे वाचून ‘माझा कर्नल ५.१५ ची अगदी पहिली, एकही दुरुस्ती नसलेली आवृत्ती आहे’ असा समज होणे स्वाभाविक आहे, आणि तो चुकीचा आहे. त्याच यंत्रावर ‘यूनेम -व्ही’ दिल्यास उत्तराची सुरुवात ‘#१०१-उबंटू’ अशी होते, आणि ‘/प्रॉक/व्हर्जन_सिग्नेचर’ ही फाइल उघडल्यास ‘उबंटू ५.१५.०-९१.१०१-जेनेरिक ५.१५.१३१’ अशी ओळ मिळते. यातील ५.१५ ही मूळ मालिका. त्यापुढचे शून्य केवळ जागा धरून बसलेले असते. ९१ हा एबीआयचा क्रमांक, म्हणजे बाहेरून जोडल्या जाणाऱ्या मॉड्यूलांशी असलेल्या करारात फरक पडला की वाढणारा आकडा. १०१ हा पॅकेजच्या बांधणीचा क्रमांक, आणि ओळीच्या टोकाला असलेले ५.१५.१३१ म्हणजे मूळ प्रकल्पाच्या ज्या स्थिर आवृत्तीपर्यंतच्या दुरुस्त्या यात सामावल्या आहेत ती. सुरक्षा-सूचनेत ‘५.१५.१२० मध्ये दुरुस्त’ अशा प्रकारचा उल्लेख असेल, तर त्याची तुलना या शेवटच्या आकड्याशी करायची असते, शून्याशी नव्हे.

डेबियन १२ वर हीच माहिती वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते. ‘यूनेम -आर’ म्हणते ‘६.१.०-१८-एएमडी६४’, ‘यूनेम -व्ही’ म्हणते ‘#१ एसएमपी प्रीएम्प्ट_डायनॅमिक डेबियन ६.१.७६-१’ आणि त्यापुढे २०२४-०२-०१ ही तारीख. खरी आवृत्ती ६.१.७६ आहे आणि १८ हा पुन्हा एबीआयचाच क्रमांक. एबीआय न बदलता पॅकेजची नवी बांधणी आली, तर रीबूट केल्यानंतरही ‘यूनेम -आर’ मधील एक अक्षरही बदलत नाही. बदल फक्त ‘यूनेम -व्ही’ मध्ये दिसतो. एवढ्या कारणासाठी, अपडेटची खातरजमा करताना एकट्या ‘-आर’ वर विसंबू नये असे मला वाटते. ‘यूनेम -ए’ पूर्ण वाचण्याने काहीच बिघडत नाही. डेबियन १३ मध्ये ही पद्धत बदलली आणि ‘६.१२.३८+डेब१३-एएमडी६४’ अशा रूपात खरी आवृत्ती नावातच येऊ लागली. हे फार आधी व्हायला हवे होते.

जुना क्रमांक म्हणजे असुरक्षित कर्नल, असे समजणे

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ चा कर्नल आयुष्यभर ३.१०.० याच क्रमांकाने ओळखला गेला. मूळ ३.१० ही आवृत्ती २०१३ ची. तरीही ७.९ मधील ‘३.१०.०-११६०’ या मालिकेत पुढच्या अनेक वर्षांतील सुरक्षा-दुरुस्त्या, नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर आणि काही नव्या सुविधाही मागे आणून बसवलेल्या होत्या. या पद्धतीत मूळ क्रमांक मुद्दाम स्थिर ठेवला जातो आणि सगळी प्रगती संयोगचिन्हानंतरच्या आकड्यात नोंदवली जाते. आवृत्ती ८ साठी हा स्थिर क्रमांक ४.१८.० आहे आणि ९ साठी ५.१४.०.

केवळ पुढचे आकडे पाहून निकाल देणारी तपासणी-साधने येथे हमखास खोटी धोक्याची घंटा वाजवतात. अमुक त्रुटी दुरुस्त झाली आहे का, या प्रश्नाचे खात्रीशीर उत्तर पॅकेजच्या बदल-नोंदीत असते: ‘आरपीएम -क्यू --चेंजलॉग कर्नल’ च्या उत्तरात त्या त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (सार्वत्रिक ओळख-क्रमांक) शोधावा. तो सापडला तर विषय मिटला. सापडला नाही म्हणजे लगेच त्रुटी शिल्लक आहे असेही नव्हे, कारण ज्या भागात ती होती तो भाग त्या जुन्या मूळ आवृत्तीत कदाचित आलेलाच नसतो. तेव्हा वितरकाचे त्या त्रुटीविषयीचे पान पाहणे भाग आहे.

‘#’ नंतरच्या आकड्यावरून नवेजुने ठरवणे

लिनक्समध्ये हा आकडा मुळात एका विशिष्ट बांधणी-निर्देशिकेत कर्नल कितव्यांदा बांधला गेला ते मोजतो. स्वतः कर्नल बांधणाऱ्याच्या यंत्रावर #७ नंतर #१ दिसला, तर बहुधा निर्देशिका पूर्ण साफ केली गेली आहे. कर्नल मागे गेलेला नाही. उबंटू या जागी स्वतःचा बांधणी-क्रमांक घालते, डेबियन जवळजवळ नेहमी #१ ठेवते, म्हणून दोन वितरणांतील हे आकडे शेजारी ठेवून काही निष्पन्न होत नाही. त्याच ओळीतील तारखेबाबतही सावध राहावे, कारण ती अपडेट बसवल्याची तारीख नसते. क्रमांकाच्या शेवटी अधिकचे चिन्ह किंवा ‘डर्टी’ हा शब्द दिसला तर तो कर्नल अधिकृत खूण असलेल्या स्रोतावरून जसाच्या तसा बांधलेला नाही, एवढे समजावे.

ओपनबीएसडीवरही ‘जेनेरिक.एमपी#१३९७’ असा आकडा येतो, पण तेथे मुख्य क्रमांकाची गंमत वेगळी आहे. ६.९ नंतर ७.० आली ती केवळ मोजणीत पुढचा आकडा म्हणून. साधारण दर सहा महिन्यांनी आवृत्ती एक दशांशाने पुढे सरकते, त्यामुळे ७.० पाहून काही आमूलाग्र बदल झाल्याचा अंदाज बांधू नये.

फ्रीबीएसडी आणि मॅकओएस

फ्रीबीएसडीमध्ये कर्नल आणि त्याभोवतीची मूळ साधने एकत्र प्रसिद्ध होतात, पण दुरुस्त्या त्या दोहोंपैकी एकालाच लागू पडू शकतात. समजा सुरक्षा-सूचनेत ‘पी५’ ही दुरुस्तीची पातळी सांगितली आहे आणि ती दुरुस्ती एका लायब्ररीतील, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा सामायिक कोडमधील आहे. ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ कर्नलला हात लावत नाही आणि ‘यूनेम -आर’ कितीही वेळा रीबूट केले तरी ‘पी४’ च दाखवत राहते. यात बिघाड काहीच नाही. ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू’ ही कमांड बसवलेला कर्नल, चालू कर्नल आणि मूळ साधने या तिघांच्या पातळ्या वेगवेगळ्या ओळींत देते. पहिल्या दोन ओळींत फरक असेल तरच रीबूट बाकी आहे.

मॅकओएसवर ‘यूनेम -आर’ डार्विनचा, म्हणजे मॅकओएसच्या गाभ्याचा, क्रमांक देते. २३ दिसले तर प्रणाली मॅकओएस १४ आहे. प्रणालीची आवृत्ती आणि ‘२३ए३४४’ सारखा बांधणी-क्रमांक ‘एसडब्ल्यू_व्हर्स’ सांगते. आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्स प्रणालीवर तर ‘यूनेम’ चा ‘-व्ही’ मुख्य आकडा आणि ‘-आर’ दुय्यम आकडा देते, म्हणून लिनक्सची सवय घेऊन तेथे जाणाऱ्याला ७.२ च्या यंत्रावर नुसते ‘२’ असे उत्तर मिळते.

क्रमांकांची अक्षरांप्रमाणे तुलना करणे

५.१० ही आवृत्ती ५.९ नंतरची आहे, पण अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत ती आधी येते. ‘/बूट’ मधील फाइलींची साधी यादी पाहून शेवटची ती नवी असे मानल्यास नेमका चालू कर्नल पुसला जाऊ शकतो. यादी लावताना ‘सॉर्ट -व्ही’ वापरावे; त्यातील व्ही मोठा (कॅपिटल) असावा, म्हणजे आकडे आकड्यांप्रमाणे लावले जातात. डेबियनवर ‘डीपीकेजी --कम्पेअर-व्हर्जन्स’ त्याहून भरवशाचे. आकड्यांची मर्यादा खुद्द कर्नललाही भोवली आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत ४.४.२५६ आणि ४.९.२५६ या आवृत्त्या आल्या तेव्हा शेवटच्या आकड्यासाठी राखलेल्या आठ बिटांत २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नव्हती, म्हणून अंतर्गत संकेतांकात तो आकडा २५५ वरच थांबवावा लागला.

क्रमांक आपल्या हातात नसतो तेव्हा

कंटेनरच्या, म्हणजे यजमान यंत्राचाच कर्नल वापरणाऱ्या बंदिस्त वातावरणाच्या, आत ‘यूनेम’ यजमान यंत्राचाच कर्नल दाखवते; आत कितीही अपडेट केले तरी तो बदलणार नाही. डब्ल्यूएसएल २ मध्ये (विंडोजवर लिनक्स चालवण्याच्या सोयीत) कर्नल वितरणाच्या पॅकेजांतून येत नाही, तो विंडोजच्या बाजूने ‘डब्ल्यूएसएल --अपडेट’ ने येतो. लाइव्हपॅच (रीबूट न करता दुरुस्ती लावण्याची पद्धत) वापरणाऱ्या यंत्रावर याच्या उलट घडते: दुरुस्ती चालू कर्नलमध्ये लागू झालेली असते आणि क्रमांक तसाच राहतो. लागू झालेले पॅच ‘/सिस/कर्नल/लाइव्हपॅच’ या निर्देशिकेत दिसतात.

यांपैकी काहीही लागू नसेल आणि तरीही महिनोन्‌महिने नवा कर्नल बसतच नसेल, तर मेटापॅकेज तपासावे. डेबियनवर ‘लिनक्स-इमेज-एएमडी६४’ किंवा उबंटूवर ‘लिनक्स-जेनेरिक’ हे पॅकेज स्वतः रिकामे असते आणि फक्त सर्वांत नव्या कर्नलला ओढून आणते. साफसफाईत ते काढले गेले असेल तर बाकी सर्व पॅकेजे अपडेट होतात आणि कर्नल तेवढा मागे राहतो, कोणताही दोष न दाखवता. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ देऊन कर्नल कोणी रोखून धरलेला नाही ना, आणि रेड हॅटवर डीएनएफ या पॅकेज व्यवस्थापकाच्या सेटिंग फाइलीतील ‘एक्सक्लूड’ च्या ओळीत कर्नलचे नाव नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.