स्वस्तातली मिरर लेन्स वापरताय? या चुका टाळा

हिवाळ्यातली सकाळ, कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या टॉवरजवळचा कठडा. कॉलेजचा एक मुलगा ५०० एमएमची नवीकोरी मिरर लेन्स लावून वारकरी पक्ष्यांचे फोटो काढत होता. काळं अंग, पांढरी चोच, लाल डोळा आणि सावकाश पोहायची सवय. शिकायला याहून चांगला पक्षी नाही. पण साठ-सत्तर फोटो झाले तरी त्यातला एकही नीट नव्हता. "दादा, लेन्सच खराब आलीय. परत पाठवतो," तो वैतागून म्हणाला.

आम्ही एक फोटो स्क्रीनवर मोठा करून बघितला. पक्ष्याभोवतीच्या पाण्यावर उन्हाचे चमचमणारे ठिपके होते. त्यातला प्रत्येक ठिपका बांगडीसारखा गोल उमटला होता आणि प्रत्येक बांगडी एकाच बाजूला ओढल्यासारखी दिसत होती. फोकस चुकला होता म्हणून बांगडी, कॅमेरा हलला होता म्हणून ओढाताण. काय चुकलं ते फोटोतच उमटलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: मिरर लेन्सवर ज्या बांगड्यांसाठी सगळे नाकं मुरडतात, त्याच तिचा सगळ्यात चांगला शिक्षक आहेत. त्या वाचायला शिकलात तर निम्म्या अडचणी जागेवर सुटतात.

बांगडी येते कुठून

या लेन्सच्या तळाशी मध्ये भोक असलेला मोठा अंतर्वक्र आरसा असतो. प्रकाश त्यावर आपटून पुढे परततो, समोरच्या काचेच्या मध्यभागी बसवलेल्या छोट्या आरशावर पडतो आणि तिथून भोकातून मागे सेन्सरवर जातो. प्रकाशाची वाट अशी दुमडल्यामुळे ५०० एमएमची लेन्स ओंजळीत मावते आणि ऑटोफोकसवाल्या ६०० एमएम झूमच्या तुलनेत अगदी थोडक्या पैशांत मिळते. आरसा सगळे रंग सारखेच परावर्तित करतो, त्यामुळे स्वस्त टेलिफोटोत दिसणाऱ्या जांभळ्या-हिरव्या कडा इथे जवळपास नसतात. हा गुण फार मोठा आहे आणि त्याचं पुरेसं कौतुक होत नाही.

किंमत मोजावी लागते ती त्या मधल्या छोट्या आरशाची. तो प्रकाशाचा मधला भाग अडवतो, म्हणून फोकसबाहेरचा ठिपका भरीव गोल न होता पोकळ होतो. त्याच कारणाने कॉन्ट्रास्टही थोडा उतरतो. शिवाय प्रकाशाचं छिद्र, म्हणजे अपर्चर, लहान-मोठं करणारा डायफ्राम आत नसतो. लेन्स एफ/८ ची असेल तर ती कायम एफ/८ च (हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). प्रत्यक्षात सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश त्याहून कमी, साधारण एफ/९ ते एफ/१० एवढाच धरून चाला.

लांब नळीसारखी, अपर्चरची रिंग असलेली स्वस्त ५०० एमएम एफ/८ लेन्सही बाजारात असते. ती आरशाची नव्हे, काचेची. तिच्या अडचणी वेगळ्या.

लावतानाच होणाऱ्या चुका

बहुतेक स्वस्त मिरर लेन्स टी-माउंटच्या असतात, म्हणजे मागे ४२ एमएमचा आटा आणि त्यावर तुमच्या कॅमेऱ्याची टी-रिंग. जुन्या एम४२ लेन्सचा आटाही ४२ एमएमचाच. पण टी-माउंटच्या आट्याचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७५ एमएम असतो आणि एम४२ चा १ एमएम. एकावर दुसरं एक-दोन फेरे बसतं, मग अडतं, आणि जोर लावला की आटे मरतात. अडलं की थांबा. टी-रिंगच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात. ते सैल झाले की फोकस फिरवताना अख्खी लेन्सच गोल फिरते. बॅगेत छोटा पाना ठेवा.

कॅमेऱ्याला ही लेन्स दिसतच नाही. शटर दाबलं आणि काहीच घडलं नाही तर घाबरू नका, मेनूत 'लेन्सशिवाय शटर' अशा अर्थाचा पर्याय शोधून चालू करा. अपर्चरच्या जागी शून्य किंवा आडवी रेघ दिसते, ते बरोबरच आहे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांवर अशा लेन्सला मीटरिंग, म्हणजे कॅमेऱ्याने केलेलं प्रकाशाचं मोजमाप, मिळत नाही. तिथे मॅन्युअल मोडवर हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघत काम करावं लागतं.

कॅमेऱ्याच्या बॉडीत हादरा सावरणारा स्टॅबिलायझर असेल तर लेन्सची फोकल लेन्थ, म्हणजे तिचा एमएमचा आकडा, स्वतः भरावी लागते. ५०० च भरायची. सेन्सर लहान आहे, दृश्य ७५० सारखं दिसतं म्हणून ७५० भरू नका. आधीच्या एखाद्या जुन्या लेन्सचा ५० आकडा तसाच राहिला तर स्टॅबिलायझरची भरपाई फारच अपुरी पडते, आणि दोष मात्र लेन्सवर जातो.

लेन्ससोबत मागे बसणारा छोटासा फिल्टर आला असेल तर तो हरवू नका. काही लेन्समध्ये तो ऑप्टिकल रचनेचाच भाग असतो.

फोकस: सगळ्यात मोठी चूक

चंद्र किंवा लांबचा डोंगर टिपताना पुष्कळ जण रिंग शेवटपर्यंत फिरवतात. अनंत म्हणजे शेवट, असा समज. मिरर लेन्सची रिंग मुद्दाम अनंताच्या पलीकडे जाते, कारण उन्हात आणि थंडीत आतले भाग प्रसरण-आकुंचन पावतात आणि फोकसची जागा सरकते. शेवटाला टेकवलात तर चंद्रही मऊच येणार.

दुसरी बाब खोलीची. ५०० एमएम, एफ/८, लहान सेन्सर आणि १० मीटरवरचा पक्षी असेल तर पुढची-मागची मिळून जेमतेम १३ सेंटीमीटर जागा शार्प येते. ५ मीटरवर ती ३ सेंटीमीटरच्या आसपास उरते. पोटावरच्या पिसांवर फोकस झाला तर डोळा गेलाच.

मग फोकस करायचा कसा? डीएसएलआरच्या डोळा लावायच्या काचेतून एफ/८ वर सगळं अंधारलेलं दिसतं. जुन्या कॅमेऱ्यात फोकस जुळवायला दिलेलं दुभंगलेलं प्रिझम तर अर्धं काळं पडतं. लाइव्ह व्ह्यू लावा, म्हणजे चित्र स्क्रीनवर दिसेल, ते ५ किंवा १० पट मोठं करा, आणि पक्ष्याजवळचा एखादा चमकता ठिपका पकडा: पाण्याचा थेंब, ओल्या दगडावरची चकाकी, डोळ्यातला प्रकाशबिंदू. रिंग हळू फिरवा. बांगडी लहान लहान होत जाते, तिचं भोक बुजतं, आणि एका क्षणी ती टोकदार ठिपका होते. थोडं पुढे गेलात की पुन्हा बांगडी उघडते. दोन्ही बाजूंनी एकदा जाऊन या आणि मधोमध थांबा. काचेच्या लेन्समध्ये ठिपका नुसता पुसट होत जातो, इथे मात्र भोक उघडलेलं आणि बुजलेलं स्पष्ट दिसतं.

फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या फोकस पीकिंगच्या रेषांवर एकट्यावर विसंबू नका. या लेन्सचा कॉन्ट्रास्ट कमी, त्यामुळे त्या रेषा कधी उमटतच नाहीत तर कधी फोकस नसतानाही दिसतात. हलत्या पक्ष्यामागे रिंग फिरवत धावण्यापेक्षा तो जिथे येणार तिथे आधी फोकस लावून थांबा. खंड्या पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसतो. तिथे फोकस लावा, तीन-चार फोटोंची मालिका काढा, आणि पुढच्या फेरीला रिंग केसभर हलवून पुन्हा काढा.

हादरा

लेन्स हलकी आहे म्हणून ती कमी हलेल, असं वाटतं. होतं उलट. जड लेन्स आपल्या वजनानेच थोडी स्थिर राहते. ही मात्र बोटाच्या दाबानेही थरथरते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५०० एमएम म्हणजे ७५० एमएमसारखं दृश्य, तेव्हा हातात धरून काढताना शटरचा वेग १/८०० ते १/१००० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका. तेवढं परवडतं. लख्ख उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, ४०० ठेवलं तर एफ/८ च्या मिरर लेन्सवर १/१००० च्या आसपास वेग मिळतो. आयएसओ १०० वर अडून बसणं ही इथली चूक आहे, कारण बारीक दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सावरता येत नाही.

ट्रायपॉडवर असाल तर मधला दांडा वर काढू नका, खाली बॅग अडकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि डीएसएलआर असेल तर कॅमेऱ्यातला आरसा आधी वर उचलून घ्या. वाऱ्याच्या दिवशी कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवणं मला ट्रायपॉडपेक्षा सरस वाटतं.

लांबचं जवळ आणायचा मोह

पन्हाळ्याच्या तटावरून जोतिबाचा डोंगर टिपायचा मोह प्रत्येकाला होतो. फोटो निळसर, सपाट, कडा विरघळलेल्या येतात. इथे लेन्सचा काही दोष नाही. मध्ये काही किलोमीटर हवा आहे, आणि ५०० एमएम लेन्स ती हवाही तितकीच मोठी करून दाखवते. त्यात आपल्याकडे उसाचा हंगाम म्हणजे गुऱ्हाळांचा धूर, पंचगंगेच्या काठचं धुकं आणि नांगरलेल्या रानावरून उठणारी वाफ. सकाळी दहानंतर जमीन तापली की लाइव्ह व्ह्यूत बघा: चुलीच्या जाळापलीकडचं माणूस जसं हलताना दिसतं, तशा कडा लाटेसारख्या हलतात. हे दिसलं की शटर कितीही वाढवा, फायदा नाही. हादऱ्याने पूर्ण चित्र एका दिशेला ओढलं जातं; हवेने मात्र एक कड शार्प आणि शेजारचीच वितळलेली, असं होतं. हा फरक एकदा ओळखता आला की विनाकारण ट्रायपॉड बदलावा लागत नाही.

एसीतल्या गाडीतून लेन्स काढून लगेच फोटो काढले तरी हीच गत होते, कारण नळीच्या आतली हवा अजून स्थिरावलेली नसते. बॅगेतून काढून वीसेक मिनिटं सावलीत ठेवा.

ही लेन्स लांबच्यासाठी नाहीच, छोट्या गोष्टी मोठ्या करण्यासाठी आहे. १० ते ३० मीटर हे तिचं खरं राज्य. काही मिरर लेन्स त्याहूनही जवळ फोकस होतात. टॅमरॉनची जुनी ५०० एमएम एफ/८ तर १.७ मीटरपर्यंत येते. विद्यापीठाच्या आवारातल्या तळ्याकाठी चतुर आणि फुलपाखरं तिने टिपून बघा.

प्रकाशाची मर्यादाही मनाशी पक्की करा. राधानगरी-दाजीपूरच्या दाट सावलीत प्रकाश उघड्या उन्हापेक्षा पाच स्टॉपने (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) कमी असेल, तर १/१००० साठी आयएसओ १२८०० लागेल. तिथे गव्यासाठी ही लेन्स नेऊ नका. खासबागेत दिव्यांखालच्या कुस्तीसाठीही नको.

पाठीमागचं काय आहे

पाठीमागे फांद्या, उसाची पाती, लाटांवरची चमक असेल तर बांगड्या आणि दुहेरी रेघांचा गुंता होतो. सावलीतली झाडी किंवा बांधाची सपाट माती पाठीमागे येईल असं दोन पावलं सरका. रंकाळ्यावर सकाळी टॉवरच्या बाजूने काढा, ऊन पाठीशी राहतं. संध्याकाळी त्याच जागेवरून तोंड मावळतीला होतं आणि समोरचा आडवा प्रकाश लेन्समध्ये शिरून सगळं पांढुरकं करतो. लांब हूड लावा, नसेल तर काळ्या पुठ्ठ्याचा करा.

आणि मावळता सूर्य या लेन्समधून बघू नका, हे मी कळकळीने सांगतो. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर असेल तर डोळा कायमचा जाऊ शकतो. कॅमेऱ्याचं आणि आतल्या छोट्या आरशाचंही नुकसान होतं. सूर्य टिपायचाच असेल तर सोलर फिल्टर लेन्सच्या पुढेच हवा, मागे कधीही नाही.

सोबत फुकट मिळणारा दुप्पट करणारा कन्व्हर्टर कपाटातच राहू द्या. १००० एमएम आकडा मोठा वाटतो, पण एफ/१६ चा अंधार आणि मऊ चित्र पदरात पडतं. ५०० एमएमने काढून क्रॉप करणं बरं. चंद्रासाठी आयएसओ ४००, १/५०० पासून सुरुवात करा.

फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच, काढा. या लेन्सचा फोटो कॅमेऱ्यातून सपाट येतो. संगणकावर काळा भाग थोडा खाली ओढला आणि कॉन्ट्रास्ट वाढवला की त्यात जीव येतो. शार्पनेस वाढवायचा तो त्यानंतर.

पावसाळ्यात मात्र तिची काळजी घ्या. आपल्याकडच्या दमट चार महिन्यांत बुरशी काचेवर येते तशी आरशावरही येते, आणि आरशाचा लेप पुसायला गेलात तर निघून येतो. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि चामड्याच्या केसला रजा. आरसा कधीही घरी पुसू नका.

परत पाठवण्याआधी

लेन्स खरंच खराब असू शकते, म्हणून ती तपासायची रीत सांगतो. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आधी, गच्चीवर 'पुढारी'चं पान भिंतीला चिकटवा. १० मीटरवर ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. दहा फोटो काढा आणि प्रत्येक फोटोआधी फोकस मोडून पुन्हा लावा. त्यातला सगळ्यात चांगला फोटो म्हणजे तुमच्या लेन्सची कुवत. उरलेल्या नऊंमधला फरक तुमच्या हाताचा.

मग रात्री लांबचा एखादा दिवा फ्रेमच्या बरोबर मध्यावर घ्या आणि फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. बांगडी उमटेल. तिची जाडी सगळीकडून सारखी आणि भोक मधोमध असेल तर आरसे जागेवर आहेत. भोक एका बाजूला सरकलेलं असेल तर आरसे तिरके बसलेत, आणि ती लेन्स जरूर परत पाठवा. फ्रेमच्या कोपऱ्यात बांगडी कापल्यासारखी दिसते, तो दोष नव्हे.

त्या मुलाने त्याच रात्री गच्चीवरून टॉवरचा लाल दिवा टिपून फोटो पाठवला. भोक बरोबर मध्यभागी होतं.