अंगणातल्या शेगडीवरची न्याहारी: धगीनुसार पदार्थांचा क्रम कसा लावावा

कोळशाच्या शेगडीवर सकाळची न्याहारी करायची ठरली की बहुतेकांचे लक्ष आधी पदार्थांकडे जाते आणि विस्तवाचा विचार सर्वांत शेवटी होतो. हा क्रम उलटा असायला हवा. गॅसची आच आपण हवी तेव्हा वाढवतो आणि हवी तेव्हा कमी करतो. कोळशाची धग मात्र आपल्याच गतीने चढते, काही काळ टिकते आणि मग हळूहळू उतरत जाते. या चढउताराला धरून पदार्थ एकामागून एक घेतले, तर चार-पाच माणसांची न्याहारी एकाच शेगडीवर दीड तासात निवांतपणे होते. ते भान राहिले नाही, तर थालीपीठ बाहेरून करपून आत कच्चे राहते आणि चहाचे पाणी उतरत्या निखाऱ्यांवर उकळता उकळत नाही.

आधी जागा पक्की करावी. ठाणे आणि नवी मुंबईत स्वतःचे अंगण असलेली घरे थोडी आहेत, पण ती आहेत: गावठाणातली जुनी घरे, सिडकोच्या काही बैठ्या वसाहती, आणि चार्ल्स कोरिया यांनी आखलेले बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज, जिथे घरांची मांडणीच मोकळ्या अंगणांभोवती केलेली आहे. अशा ठिकाणी शेगडी भिंतीपासून, वाळत घातलेल्या कपड्यांपासून आणि झाडाच्या खाली आलेल्या फांद्यांपासून किमान तीन मीटर दूर मांडावी. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या उंच इमारतीत राहणाऱ्यांनी बाल्कनीचा विचारही करू नये. गच्ची वापरायची असेल, तर सोसायटीची परवानगी आधी घ्यावी, पाण्याच्या टाक्या, प्लास्टिकचे पाइप, केबल आणि सौर पॅनेल यांपासून लांबची जागा निवडावी आणि शेगडीखाली विटांचे दोन थर द्यावेत. थेट जमिनीवर ठेवलेल्या शेगडीच्या उष्णतेने फरशी तडकते आणि गच्चीच्या गळतीरोधक थरालाही इजा होऊ शकते.

येऊरला जाऊन झाडाखाली शेगडी पेटवण्याची कल्पना अनेकांना मोहात पाडते. येऊरचे जंगल हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वनक्षेत्रात आग पेटवणे कायद्याने गुन्हा आहे. थंडी सरता सरता तिथला पालापाचोळा इतका वाळतो की एक ठिणगीही वणवा लावायला पुरेशी होते. तो मोह सोडून द्यावा. डोंगर पाहायला जावे, न्याहारी घरच्या अंगणात करावी.

एका बाबतीत कसलीही सूट नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद जागेत तो माणसाला कळण्याआधीच बेशुद्ध करतो. म्हणून अवेळी पाऊस आला किंवा वारा सुटला, तरी पेटलेली शेगडी घरात, काचा लावलेल्या बाल्कनीत, गॅरेजमध्ये किंवा तंबूत आणू नये. खिडकी उघडी ठेवल्याने धोका टळत नाही. विझत आलेल्या, वरून राख दिसणाऱ्या निखाऱ्यांतूनही हा वायू निघत राहतो, हे विशेष लक्षात ठेवावे.

कोळसा लाकडाचाच हवा. दगडी कोळशात गंधक असते आणि त्याचा धूर अन्नाला लागणे योग्य नाही. कणसे भाजणारे आणि कोळशाची इस्त्री वापरणारे जो लाकडी कोळसा घेतात, तोच आपल्या कामाचा. घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावेत: खणखणीत आवाज आला तर कोळसा कोरडा आणि नीट भाजलेला आहे, बद्द आवाज आला तर त्यात ओल आहे किंवा लाकूड अर्धवट कोळसलेले आहे, आणि असा कोळसा धूर करतो व तडतडून ठिणग्या उडवतो. आपल्या दमट हवेत कोळसा ओल धरतो, त्यामुळे पावसाळ्यातून उरलेले पोते वापरण्याआधी एक दिवस कडक उन्हात पसरावे. चार-पाच जणांसाठी दीड किलो कोळसा पुरतो. दाबून तयार केलेल्या कोळशाच्या विटा, म्हणजे ब्रिकेट, अधिक वेळ आणि अधिक समान जळतात, परंतु त्या तयार व्हायला पंचवीस-तीस मिनिटे लागतात. न्याहारीसाठी मला साधा कोळसाच अधिक सोयीचा वाटतो, कारण तो लवकर फुलतो आणि न्याहारीला लागणाऱ्या वेळातच उतरणीला लागतो.

इतर साहित्य घरात असतेच: बिडाचा जाड तवा, त्यावर बसणारे झाकण, लांब दांड्याचा चिमटा, सांडशी, उलथने, पुठ्ठ्याचा किंवा बांबूचा पंखा, लोखंडी जाळी. नॉनस्टिक तवा येथे वापरू नये, कारण निखाऱ्यांवर तवा किती तापला आहे याचा अंदाज राहत नाही आणि अति तापल्यावर त्याचा लेप खराब होऊन त्यातून अपायकारक वाफा निघतात. शेगडीजवळ बादलीभर पाणी आणि थोडी वाळू ठेवावी. स्वयंपाक करणाऱ्याने सुती कपडे घालावेत आणि ओढणी किंवा पदर घट्ट खोचून घ्यावा.

दिवस शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातला निवडावा. या दिवसांत पहाटे आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे ढोबळमानाने पूर्वेकडून पश्चिमेकडे, मंद वाहतो, आणि दुपार जवळ आली की तो उलटून समुद्राकडून जोरात येऊ लागतो. म्हणून न्याहारी दहाच्या आत आटोपणे चांगले. स्वयंपाक करणाऱ्याने शेगडीच्या पूर्वेला उभे राहावे, म्हणजे धूर अंगावर येत नाही. मात्र इमारतींमुळे वाऱ्याची दिशा बदलते, तेव्हा आधी एक उदबत्ती लावून धूर कोणत्या खिडकीकडे जातो ते पाहून घ्यावे. शेजाऱ्यांना आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावे. हिवाळ्यात सकाळची हवा आधीच जड असते, धूर वर न जाता खालीच रेंगाळतो, आणि एखाद्या घरात दम्याचे वृद्ध किंवा लहान मूल असेल, तर आपली हौस त्यांच्या श्वासावर पडू नये.

जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. त्याच वेळी शेगडी पेटवायला घ्यावी. पेटवणासाठी नारळाच्या शेंड्या आणि करवंट्यांचे तुकडे यांच्याइतके चांगले काही नाही: ते आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतात, वाळलेले असले तर चटकन पेटतात आणि करवंटीची धग कोळशाला धरण्याइतकी तीव्र असते. शेंड्या तळाशी, त्यांवर करवंट्या, आणि त्यांवर एक किलोभर कोळसा उभट ढिगासारखा रचावा. खालचे हवेचे झरोके पूर्ण उघडे ठेवावेत. रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात वापरू नये. त्याचा वास पदार्थांना लागतो हे तर आहेच, पण पेटत्या कोळशावर ते ओतल्यास भडका हातापर्यंत येतो. प्लास्टिकच्या पिशव्या आणि झाडलोटीचा पालाही जाळू नये. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि त्यासाठी दंडही ठरवून दिला.

पहिली दहा मिनिटे ज्वाळा आणि धूर यांची असतात. या वेळात काहीही शिजवू नये. त्यानंतर कोळशावर लहान निळसर ज्वाला नाचताना दिसतात. लाकडातला धूर करणारा अंश कोळसा पाडतानाच निघून गेलेला असतो आणि ही निळी ज्वाला म्हणजे वर येणारा कार्बन मोनॉक्साइड जळत असल्याची खूण आहे. वीस मिनिटांच्या आसपास कोळशाच्या कडांवर करडी राख चढते आणि आत लाल निखारा दिसू लागतो. आता ढीग चिमट्याने मोडावा आणि दोन-तृतीयांश निखारे शेगडीच्या एका बाजूला जाड थरात, उरलेले दुसऱ्या बाजूला विरळ पसरावेत. ही दोन भागांची मांडणी फार महत्त्वाची आहे, कारण पुढे आच कमी-जास्त करण्याचे काम आपल्याला पदार्थाची जागा बदलूनच करायचे असते.

धग मोजण्याची जुनी रीत हाताची आहे. जाळीच्या अर्धी वीत वर तळहात धरावा आणि किती वेळ सहन होते ते मोजावे. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर धग कडक आहे, पाच-सहा सेकंद धरता आला तर मध्यम, आणि आठ-दहा सेकंद धरता आला तर मंद.

कडक धगीवर पहिल्यांदा चहाचे पाणी ठेवावे. दूध वेगळे, विरळ निखाऱ्यांच्या बाजूला तापवावे. ते उतू गेले तर निखारे विझतात आणि राखेचा लोट सगळ्या अन्नावर बसतो. त्याच वेळी जाळीवर टोमॅटो, चीर दिलेल्या हिरव्या मिरच्या, सालासकट लसूण आणि टोचे मारून तेल चोळलेले एखादे वांगे मांडावे. मिरचीला चीर आणि वांग्याला टोचे नसतील, तर आतल्या वाफेने ती फुटतात. मिरच्या आणि लसूण दोन-चार मिनिटांत होतात, टोमॅटोला सहा-आठ मिनिटे लागतात, वांग्याला मात्र सारखे फिरवत पंधरा ते वीस मिनिटे द्यावी लागतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तव्यावर केलेल्या पदार्थाला कोळशाचा स्वाद जवळजवळ येत नाही, कारण निखारा आणि अन्न यांच्यामध्ये लोखंड असते. कांदेपोहे किंवा उपमा कोळशावर केल्याने वेगळे लागत नाहीत. ते घरात गॅसवर करावेत. स्वाद येतो तो विस्तवाला थेट भिडलेल्या पदार्थांना. म्हणून न्याहारीत किमान दोन गोष्टी थेट भाजलेल्या असाव्यात. भाजलेला टोमॅटो, मिरची आणि लसूण खलबत्त्यात मीठ व कोथिंबीर घालून ठेचले की जी चटणी होते, तिच्यासमोर पुढच्या साध्या थालीपिठाला दुसरे तोंडीलावणे लागत नाही. दिवाळे किंवा सारसोळे यांसारख्या कोळी-आगरी वस्त्यांत आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना सुके बोंबील सहज मिळतात. डोके-शेपूट काढून ते मध्यम निखाऱ्यांवर सतत उलटत मिनिट-दोन मिनिटे भाजावेत, झटकून लाल तिखट व लसणाबरोबर कुटावेत आणि तांदळाच्या भाकरीबरोबर वाढावेत. त्यांचा वास दूरवर जातो, तेव्हा गच्चीवर ते करायचे की नाही, याचा निर्णय शेजार पाहून घ्यावा.

वांगे भाजत असतानाच बिडाचा तवा दुसऱ्या बाजूला तापत ठेवावा. त्याला एकसारखे तापायला दहा मिनिटे लागतात. भाकरी करायची असेल, तर ती याच वेळी, धग अजून चढती असताना करावी: तव्यावर दोन्ही बाजू झाल्या की ती जाळीवर निखाऱ्यांच्या वर टाकावी, ती क्षणात फुगते.

थालीपिठाला धग मध्यमावर आलेली हवी, आणि पेटवल्यापासून साधारण चाळीस मिनिटांनी ती तिथे येते. दोन वाट्या भाजणीत बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, तीळ, मीठ आणि एक चमचा कडकडीत तेल घालून कोमट पाण्याने सैलसर पीठ मळावे. घरी आपण थंड तव्यावरच थापतो, पण येथे तवा तापलेलाच असतो, म्हणून ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थापून, मध्ये बोटाने भोके पाडून, ते अलगद तव्यावर उलटावे. भोकांत आणि कडेने तेल सोडून झाकण ठेवावे. निखाऱ्यांची आच तव्याच्या सगळ्या भागांना सारखी लागत नाही. दर मिनिटाला तवा पाव वळसा फिरवला की थालीपीठ एका बाजूला काळे आणि दुसऱ्या बाजूला पांढरे राहत नाही. तीन-चार मिनिटांनी झाकणाखालून वाफ येऊ लागली आणि कडा सुटल्या की उलटावे. दुसऱ्या बाजूला झाकण नको, म्हणजे ती खुसखुशीत होते. पहिले थालीपीठ तव्यावर असतानाच उरलेल्या कोळशाचे ओंजळभर तुकडे जाड थराच्या कडेला ठेवावेत. ते मध्यभागी टाकले तर धूर होतो आणि धग बसते. कडेला दहा-बारा मिनिटांत ते आपोआप फुलतात.

उतरत्या, मंद-मध्यम धगीला पानगीसारखा दुसरा पदार्थ शोधून मिळणार नाही. वाटीभर तांदळाच्या पिठात जवळजवळ तेवढेच नारळाचे दूध, मीठ, चमचाभर तूप आणि चवीपुरता गूळ घालून पसरता येईल इतपत दाट मिश्रण करावे. केळीचे पान निखाऱ्यांवरून क्षणभर फिरवून मऊ करावे, म्हणजे ते दुमडताना फाटत नाही. तूप लावून त्यावर मिश्रण पातळ पसरावे, पानाची दुसरी घडी वर घ्यावी आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटे ठेवावी. पानावर तपकिरी डाग पडले आणि पान पानगीपासून स्वतःहून सुटू लागले की ती झाली. पान सुटत नसेल तर ओढू नये, आणखी मिनिटभर थांबावे. पान कडेने जळते आणि त्याचा मंद स्वाद पानगीत उतरतो. तव्यावरच्या पदार्थांत कोळशाचे खरे चीज होते ते येथे. ऑम्लेट करायचे असल्यास तेही याच धगीवर करावे.

शेवटच्या निखाऱ्यांवर पिकलेली राजेळी केळी सालासकट ठेवावीत. साल पूर्ण काळी पडली आणि चिरेतून रस बुडबुडू लागला की उतरवून वरून तूप सोडावे. रताळी ठेवायची तर ती अगदी सुरुवातीला, शेगडीच्या कडेला ठेवावी लागतात. मध्यम आकाराच्या रताळ्याला पाऊण तास सहज लागतो.

खाऊन झाले की शेगडी तशीच सोडून वर जाऊ नये. खालचे झरोके बंद करावेत आणि शेगडीला झाकण असेल तर तेही लावावे. हवा तुटली की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेला वापरता येतो. घाई असेल तर पाणी थोडे थोडे, लांबून शिंपडावे, कारण एकदम ओतल्यास गरम वाफ आणि राख तोंडावर उसळते. राखेखालचे निखारे चोवीस तासांपर्यंत धुमसत राहू शकतात, म्हणून राख त्या दिवशी प्लास्टिकच्या डब्यात किंवा सोसायटीच्या कचरापेटीत टाकू नये. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, विटेवर, ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावी. दुसऱ्या दिवशी डबा सर्व बाजूंनी थंड लागला की राख चाळावी. साध्या लाकडी कोळशाची राख क्षारयुक्त असल्याने कुंड्यांतल्या मातीत चिमूटभर, महिन्यातून एकदाच मिसळावी. ब्रिकेटची राख मात्र झाडांना घालू नये, ती थंड झाल्यावर सुक्या कचऱ्यात टाकावी.