अनलोडर बदलायच्या आधी एवढं बघा (ट्रकची हवा नीट बनत नसेल तर)

ब्रेकची हवा बनत नाही (म्हणजे टाकीत प्रेशर भरत नाही) म्हटलं की आपल्याकडे पहिला बळी अनलोडरचा, म्हणजे टाकी भरली की भरणं थांबवणाऱ्या व्हॉल्व्हचा जातो. मीपण एका गाडीचा अनलोडर बदलला, चार दिवसांनी परत तीच बोंब, शेवटी सापडला क्लच बूस्टर (हवेच्या जोरावर क्लच हलका करणारा भाग), क्लच दाबला की तिथून हवा जायची आणि नुसती गाडी उभी करून ऐकलं तर काहीच नाही. पैसे गेले ते गेलेच.

आधी नाव क्लियर करू. यूट्यूबवर अमेरिकन लोक ज्याला एअर गव्हर्नर म्हणतात तो वेगळा छोटा पार्ट असतो, तो कॉम्प्रेसरच्या हेडला हवेचा सिग्नल देतो आणि कॉम्प्रेसर रिकामा फिरायला लागतो. आपल्या जुन्या गाड्यांत हेच काम अनलोडर करतो, पण तो टाकी भरली की कॉम्प्रेसरची हवा सरळ बाहेर सोडतो. नवीन गाड्यांत तो बहुतेक एअर ड्रायरच्या (हवेतलं पाणी काढणाऱ्या डब्याच्या) आतच असतो. काम एकच, ठरलेल्या प्रेशरला भरणं थांबवायचं (कट-आउट) आणि प्रेशर थोडं उतरलं की परत चालू करायचं (कट-इन). आकडे गाडीगणिक वेगळे, मॅन्युअलमध्ये बघा, मी खाली कट-आउट ८ बार (बार म्हणजे दाबाचं माप) धरतोय तो फक्त समजायला.

गाडी सपाटीला, चाकांना पुढूनमागून ठोकळे. हे टाळू नका, कारण टेस्ट करताना हँडब्रेक सोडावा लागतो. आणि कुठलीही नळी खोलायच्या आधी सगळ्या टाक्या रिकाम्या करायच्या, दाबात असलेली नळी सुटली तर डोळा जातो.

पहिलं म्हणजे डॅशबोर्डच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, टाकीच्या टेस्ट पॉइंटला वेगळा गेज लावा. कधीकधी तो काटाच खोटा निघतो. मग ब्रेक मारून मारून हवा उतरवा, इंजिन चालू करून रेस थोडी चढती ठेवा आणि कान अनलोडरच्या खालच्या तोंडाकडे.

समजा गेजचा काटा ५-६ ला अडकला आणि त्या तोंडातून हवा सतत येतेय, तर कट-आउटच्या आधीच व्हॉल्व्ह पास होतोय (बंद असूनही हवा सोडतोय), तो बसतो त्या जागेवर कचरा नाहीतर सील गेलंय. दोष अनलोडरचाच. पण तोंड गप्प आहे आणि तरी काटा चढत नाही तर त्याला हात लावू नका, कॉम्प्रेसरचा एअर फिल्टर बघा, बाकीच्या लायनी बघा, आणि कॉम्प्रेसरकडून येणारी डिलिव्हरी पाइप गार झाल्यावर खोलून आत बघा, तेलाचा कार्बन साचून भोक पेन्सिलएवढं झालेलं असतं कधीकधी.

उलटी केस, काटा ८ च्या पुढे जातच राहिला आणि टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, म्हणजे कट-आउट होत नाहीये. इंजिन लगेच बंद. बहुतेक वेळा टाकीचा दाब अनलोडरला कळवणारं सिग्नलचं बारीक भोक तेलकट घाणीने बुजलेलं असतं.

सगळ्यात जास्त फसवणारी तक्रार म्हणजे दर थोड्या वेळाने फुस्स, फुस्स, म्हणजे अनलोडर परत परत कट-आउट होतोय. कट-आउट होऊ द्या, इंजिन बंद करा, पाच मिनिटं काटा बघा. उतरला तर हवा कुठून जाते ते शोधा. अनलोडरच्या तोंडातून येत असेल तर आतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पास आहे, टाकीची हवा उलटी येतेय. तिथून नसेल, किंवा काटा उतरलाच नाही, तरी साबणाचं पाणी घ्या, क्लिनरला वर बसवा, एकदा ब्रेक दाबून, एकदा क्लच दाबून, एकदा हँडब्रेक सोडून, प्रत्येक वेळी वेगळ्या लायनीत हवा जाते. हॉर्न आणि हवेची सीट विसरू नका. यातल्या कशातही लीक सापडला नाही तरच अनलोडरच्या सेटिंगवर संशय घ्या, कट-इन आणि कट-आउट फार जवळ आलेत.

ड्रायरवाल्या गाडीत कट-आउटला मोठा फुस्स झाल्यावर थोडा वेळ बारीक सीसी आवाज येतो, तो लीक नाही, ड्रायर आतले पाणी शोषणारे दाणे सुकवतोय. बराच वेळ थांबला नाही तर मात्र ड्रायरचा हवा बाहेर सोडणारा परज व्हॉल्व्ह बघा.

तोंडातून काळं तेल उडत असेल तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. कॉम्प्रेसर दुरुस्त न करता नवीन अनलोडर टाकला तर तोही लवकरच असाच चिकट होणार, ड्रायरचं कार्ट्रिज पण जाणार.

आता अनलोडरवरचा तो ॲडजस्टिंग स्क्रू, ज्याने कट-आउटचं प्रेशर कमीजास्त होतं. सगळ्यांचा हात आधी तिथेच जातो. लीकमुळे प्रेशर कमी आहे म्हणून स्क्रू आवळणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. सेटिंग खरंच हललं असेल तर लॉकनट सैल करून पाव फेरा, मग गेज बघा, मग पुढचा पाव. दिशा व्हिडिओवरून ठरवू नका, अमेरिकेतल्या डी-२ गव्हर्नरला स्क्रू घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवला की प्रेशर वाढतं, आणि आपल्याकडचा एकजण तेच बघून आपल्या अनलोडरवर करत बसला होता अर्धा दिवस. पाव-पाव करून दोन फेरे झाले आणि काटा जागचा हलत नाही, तर स्प्रिंग नाहीतर पिस्टन गेलाय, अनलोडर खोलून रिपेअर किट टाका.