फेअरवेलला क्रशला नाचायला विचारायचंय?

गोव्यातल्या शाळा-हायर सेकंडरीच्या सोशलला, म्हणजे नाचाच्या पार्टीला, बँड किंवा डीजे वेगवान कोंकणी गाणी, जाईव्ह (जोडीने करायचा वेगवान नाच), मग संथ वॉल्ट्झ असं आलटूनपालटून वाजवतो. विचारायचं ते गाणं सुरू होताच. अर्ध्यात विचारलं तर हो म्हणेपर्यंत गाणं संपतं आणि दोघंही फ्लोअरवर नुसते उभे.

पहिल्यांदा जाईव्ह नको. पावलं माहीत नसतील तर वेगात हात ओढले जातात. वॉल्ट्झ सोपा, तीन ठोक्यांचा: नेणाऱ्याने डावा पाय पुढे, उजवा बाजूला, डावा उजव्याजवळ, मग उजवा मागे, डावा बाजूला, उजवा डाव्याजवळ. जोडीदाराची पावलं याच्या उलट. घरी आरशासमोर दहा मिनिटं केलंत तरी पुरे. पायांकडे बघू नका, तोल जातो.

मैत्रिणींच्या घोळक्यात, सगळ्यांच्या देखत विचारू नका. तिथे ‘नाही’ म्हणणं तिला अवघड आणि ‘हो’ म्हणणं त्याहून. ती सरबताच्या टेबलाशी एकटी किंवा एखाद्या मैत्रिणीबरोबर असेल तेव्हा समोरून जा, मागून खांद्यावर टिचकी नको. ‘हे गाणं माझ्याबरोबर नाचशील?’ एवढंच. ‘हे गाणं’ म्हटलं की मागणी तीन-चार मिनिटांचीच राहते. (मुलींनी मुलाला विचारायलाही हेच लागू.)

दमट हवेत तळवे घामेजतात. रुमाल खिशात हवाच. परफ्यूम मात्र बेताचा.

नकार आला तर ‘बरं, चालेल’ म्हणून हसून निघा. कारण विचारू नका, मित्राला मध्यस्थ म्हणून तर मुळीच पाठवू नका.