व्हाइट बॉक्स टेस्टिंग करताना या चुका टाळा

व्हाइट बॉक्स टेस्टिंग म्हणजे आतला कोड बघून केलेली तपासणी. तिच्यात कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला तो आकडा, १०० टक्के दिसला की नवीन मंडळी टेस्टिंग संपवतात. हे मला बघवत नाही. लाइन कव्हरेज एवढंच सांगतं की ओळ चालली.

एका बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये (बोर्डावरच्या चिपमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) असं होतं: साठवलेलं कॅलिब्रेशन सापडलं तर त्यातून ऑफसेट (दुरुस्तीचा आकडा) घ्यायचा, मग तो सेन्सरच्या रीडिंगमध्ये मिळवायचा. इफ होता, एल्स नव्हता. टेस्ट एकच, तीही कॅलिब्रेशन केलेल्या बोर्डावर, आणि तिच्यात सगळ्या ओळी चालल्या. कोरा बोर्ड लावला तर रीडिंग दर वेळी वेगळं! दोन दिवस आम्ही सेन्सर बदलले, सोल्डरिंग तपासलं. शेवटी कळलं की ऑफसेटला सुरुवातीची किंमतच दिलेली नाही. स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) आधीपासून पडलेलं काहीही मिळवलं जात होतं. आता एल्स नसलेला इफ दिसला की अट खोटी ठरवणारी टेस्ट मी आधी लिहिते, आणि आकडा बघायचाच तर ब्रँच कव्हरेजचा, म्हणजे प्रत्येक अट खरी आणि खोटी अशी दोन्हीकडून चालली का त्याचा.

ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम ठरावीक ओळीवर थांबवणारी खूण) लावल्यावर बग दिसेनासा झाला, तर तो सुटला असं समजू नका. तुम्ही टायमिंग बदललंत. प्रिंट टाकूनही तेच होतं: सिरियल पोर्टवर ९६०० बॉडच्या वेगाला एक अक्षर जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. मी एक मोकळी पिन इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्येच धावणारा कोड) सुरू होताना हाय आणि संपताना लो करते, आणि ऑसिलोस्कोपवर बघते. प्रोब लावायचा कंटाळा करू नका.

व्हेरिएबल किती बाइटचा आहे ते वाचा. थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्रात एका बाइटचा व्हेरिएबल सेटअपच्या प्रत्येक फेरीत एकने वाढायचा. दर २५६व्या फेरीला तो शून्य व्हायचा आणि कॉलिमेटरची (किरणांच्या झोताला आकार देणाऱ्या भागाची) तपासणी वगळली जायची. जानेवारी १९८७ मध्ये यातूनच एका रुग्णाला जीवघेणा ओव्हरडोस मिळाला. बाहेरून बटणं दाबणाऱ्याला हे सापडणं अवघड होतं. कोड समोर असणाऱ्याने मात्र २५५ आणि २५६ तपासायलाच हवेत.

कोडमधलंच सूत्र टेस्टमध्ये चिकटवू नका, अपेक्षित उत्तर हाताने काढा.

असर्ट (उत्तर बरोबर आहे का ते तपासणारी ओळ) नसलेली टेस्ट काढून टाका.

आणि रिलीज बिल्डवरही, म्हणजे ग्राहकाकडे जाणाऱ्या ऑप्टिमाइझ केलेल्या प्रोग्रॅमवरही टेस्ट चालवा. इंटरप्टमध्ये बदलणारा फ्लॅग व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून वाच असं कंपायलरला सांगणारा शब्द) नसेल तर ऑप्टिमायझर, म्हणजे कंपायलरचा कोड वेगवान करणारा भाग, तो लूपबाहेर एकदाच वाचू शकतो. डीबग बिल्डमध्ये तोच कोड बहुतेक वेळा नीट चालतो.