४-२-३-१ ने आक्रमण करताय? या चुका टाळा

२०१७ ते २०२० या काळात प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांच्या एफसी गोवाने मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर जो आक्रमक फुटबॉल खेळून दाखवला, तसा खेळू पाहणारे संघ गोव्यात पेडण्यापासून सत्तरीपर्यंत आहेत. कागदावर मांडणी सोपी आहे: चार बचावपटू (मधले दोन सेंटर बॅक, कडेचे दोन फुल बॅक), त्यांच्यापुढे राखण करणारे दोन होल्डिंग मिडफिल्डर, मग कडांना दोन विंगर व मधोमध चाली रचणारा प्लेमेकर, आणि सर्वांत पुढे स्ट्रायकर. प्रत्यक्षात चाली रंगतात आणि गोल मात्र समोरचा संघ करतो. शिव्या स्ट्रायकरला बसतात. खरी गडबड बहुधा मागे झालेली असते.

दोन्ही फुल बॅक एकदम वर

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मंदार राव देसाई या मूळच्या विंगरला लोबेरांनी लेफ्ट बॅक केले, आणि डाव्या बाजूने त्याच्या धावा सगळ्यांच्या लक्षात राहिल्या. पण अशा धावेमागे राखण लागते. लेफ्ट बॅक वर गेला की राइट बॅकने आत सरकून सेंटर बॅकच्या शेजारी यायचे. मागे तिघे, त्यांच्यापुढे दोन होल्डिंग, असे पाच जण चेंडूच्या मागे हवेत. दोघेही फुल बॅक गेलेच, तर एका होल्डिंगने सेंटर बॅकच्या मध्ये उतरावे.

हे न केल्यास काय होते ते पाहा. आपला क्रॉस, म्हणजे कडेने गोलसमोर मारलेला चेंडू, त्यांच्या बचावपटूने डोक्याने बाहेर काढला, तो पेनल्टी बॉक्सच्या बाहेर पाचेक मीटरवर पडला आणि तिथे आपले कुणीच नाही. तिथून टचलाइनलगतच्या, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेलगतच्या, मोकळ्या जागेत एक लांब पास, की आपले दोन सेंटर बॅक त्यांच्या तिघांसमोर उघडे. म्हणून क्रॉसच्या वेळी एक होल्डिंग बॉक्सच्या कडेला उभा हवाच.

दोघे होल्डिंग एका रेषेत

असे उभे राहिले तर एकाच सरळ पासने दोघेही कापले जातात. आठ-दहा मीटरचे पुढे-मागे अंतर ठेवा. लोबेरांच्या संघातला होल्डिंग अहमद जाहू बचावपटूंच्या पुढ्यात राहून त्यांच्याकडून चेंडू घेई. दुसऱ्याने तेव्हा तिरके पुढे सरकायचे आणि अंग अर्धे वळवून पास घ्यायचा. दोघांमधला आडवा पास शक्यतो नकोच, कारण तो तुटला तर दोघेही एकदम बाद होतात.

विंगर आणि फुल बॅक एकाच पट्ट्यात

विंगर टचलाइनला चिकटून आणि फुल बॅकही तिथूनच धावला, तर समोरचा एक बचावपटू दोघांना सांभाळतो. एक बाहेर, तर दुसरा आत. फातोर्ड्यासारखे रुंद मैदान गावात क्वचितच मिळते. अरुंद मैदानावर एकाच विंगरने रुंदी धरावी, दुसऱ्याने स्ट्रायकरजवळ यावे.

संघ लांबतो

समोरचा स्ट्रायकर वेगवान असला की बचावफळी धास्तीने आपल्याच बॉक्सपाशी थांबते, आघाडीची फळी मात्र पुढे निघून जाते. मध्ये पडलेल्या खिंडारात निसटता चेंडू दर वेळी त्यांना मिळतो. चेंडू मध्यरेषेपलीकडे गेला की सेंटर बॅकनी मध्यवर्तुळापर्यंत चढायचे. पहिल्या ते शेवटच्या खेळाडूत ३५ ते ४० मीटर. सरावात या अंतरावर कोन ठेवा आणि गोलरक्षकाला ओरडून फळी वर काढायला लावा. हे काम त्याच्याइतके नीट कुणाला दिसत नाही.

लांबून उंच क्रॉस

असा क्रॉस मारण्याऐवजी गोलरेषेपर्यंत जाऊन चेंडू जमिनीलगत मागे, पेनल्टीच्या ठिपक्याकडे ओढा. बचावपटू गोलकडे तोंड करून धावत असतात, त्यांना मागून येणारा दिसत नाही. एक जण जवळच्या खांबाला, एक दूरच्या, एक ठिपक्यावर.

मैदान न पाहता आखलेला खेळ

कापणीनंतरच्या शेतात चेंडू उड्या मारतो, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात थबकतो. अशा दिवशी गोलरक्षकापासून छोट्या पासची चाल रचणे म्हणजे गोल देणे. थेट स्ट्रायकरकडे मारा, पण त्या वेळी दोन्ही विंगर आणि प्लेमेकर त्याच्या दहा मीटरांत हवेत, नाहीतर त्याने डोक्याने खाली दिलेला चेंडू उचलायला कुणी उरत नाही. सामन्याआधी दोन्ही बॉक्सच्या तोंडाशी चेंडू सोडून पाहा आणि पाणी कुठे आहे ते फुल बॅकना दाखवा.