परतीचा रस्ता: संगणकाशिवाय लाइव्ह इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवताना

माझा पहिला सेट 40 मिनिटांचा होता. निम्मा सेट छान गेला. मग मी बेसचा फिल्टर (आवाजाची धार ठरवणारा नॉब) पूर्ण उघडला, डीलेचा, म्हणजे प्रतिध्वनीचा, फीडबॅक चढवला, हायहॅटचे झांजेसारखे ठोके दाट केले आणि समोरची माणसं त्या आवाजात शिरली. आता इथून पुढच्या तुकड्यावर जायचं होतं. कोणता नॉब मुळात कुठे होता ते आठवेना. पुढचा पॅटर्न (मशीनमध्ये साठवलेला ठेक्याचा तुकडा) लावला तर किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, नीट आली, पण बेस तसाच कर्कश, डीले एकावर एक थर चढवत चाललेला. दोन मिनिटं मी एकेक नॉब चाचपत होते आणि तोवर ऐकणारे मागे सरकले होते. महिनाभर मी चढायचा सराव केला होता. उतरायचा एकदाही केला नव्हता.

म्हणून नवीन कोणी विचारलं की मी आधी मशिनांची नावं सांगत नाही. आधी एवढंच सांगते की कुठल्याही नॉबला हात लावायच्या आधी तिथून परत कसं यायचं ते ठरवून ठेवा. गायकाला समेवर यायचं असतं, तसं आपल्यालाही येता आलं पाहिजे. फरक इतकाच की आपली सम चार-पाच डब्यांत विखुरलेली असते.

संगणकावर वाजवताना एक प्रोजेक्ट उघडला की सगळं जागच्या जागी येतं. हार्डवेअरमध्ये प्रत्येक मशीनची आठवण वेगळी. रोलँडचं टीआर-808 हे ड्रम मशीन 1980 साली आलं. त्यात ठेका साठवता येतो, पण किकची लांबी किंवा स्नेअरचा सूर ठरवणारे नॉब साठवले जात नाहीत. नॉब जिथे आहे तो आवाज. टीबी-303 या बेस मशीनचंही तेच, स्वर लक्षात राहतात, फिल्टर राहत नाही. 303चं उत्पादन 1984मध्ये थांबलं, मग जुनी मशिनं शिकागोतल्या तरुणांच्या हाती लागली आणि त्यांनी तोच तोच स्वरसमूह फिरत ठेवून फिल्टर हाताने फिरवला. अ‍ॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार त्यातून उभा राहिला. मशीनला जे आठवत नव्हतं, तिथेच वाजवणाऱ्याच्या हाताला जागा मिळाली. मला या प्रकाराचं वेड लागलं ते याच गोष्टीमुळे.

तर नॉबांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण नवशिक्यांची सर्वात जास्त फजिती इथे होते आणि याबद्दल कोणी फारसं सांगत नाही.

पहिला प्रकार वरचा, आठवण नसलेला. तो प्रामाणिक असतो, जे दिसतं तेच ऐकू येतं. त्यासाठी मी पांढऱ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावते: सुरुवातीची जागा आणि त्यापुढे जायचं नाही अशी जागा. दोनच खुणा. दुसरा प्रकार म्हणजे आवाज साठवणारं मशीन, पण नॉब साधा, दोन्ही टोकांना अडणारा. इथे घात होतो. नॉब 3वर आहे, तुम्ही नवा पॅटर्न लावला, त्यात साठवलेली किंमत 9 आहे. कानाला 9 ऐकू येतंय, डोळ्याला 3 दिसतंय. नॉबला नुसता धक्का लागला की आवाज 9वरून धाडकन 3वर आदळतो. बऱ्याच मशिनांच्या सेटिंगमध्ये यावर उपाय असतो, त्याला पिकअप किंवा कॅच म्हणतात: साठवलेल्या किंमतीपर्यंत नॉब फिरून पोहोचेपर्यंत मशीन त्याचं ऐकतच नाही. हा पर्याय शोधा आणि चालू करा. किंमत अशी की घाईत नॉब फिरवला तर सुरुवातीला काहीच घडत नाही आणि मग अचानक पकडतो. त्याची सवय करावी लागते. तिसरा प्रकार गोल गोल फिरणारा, शेवट नसलेला एन्कोडर. तो कधी उडी मारत नाही, पण त्याच्याकडे बघून काहीच कळत नाही, स्क्रीन वाचावा लागतो. अंधारात, घामेजल्या हाताने.

तुमच्याकडचा प्रत्येक नॉब यांपैकी कुठला, हे कागदावर लिहून काढा. एका संध्याकाळचं काम आहे.

यापुढची पायरी म्हणजे एका झटक्यात मूळ जागी आणणारी कळ. एलेक्ट्रॉन कंपनीच्या डिजिटॅक्ट या ड्रम मशीनवर फंक आणि येस या कळा एकत्र दाबल्या की पॅटर्नची आत्ताची अवस्था तात्पुरती साठते. मग तुम्ही हवा तो धुमाकूळ घाला, फंक आणि नो दाबलं की सगळं त्या क्षणाला परत. ही सोय मी आधी फक्त चूक निस्तरायला वापरायची. नंतर लक्षात आलं की हेच वाजवणं आहे. आठ बार (एक बार म्हणजे चार ठोके) आवाज चढवत न्यायचा, फिल्टर, डीले, सूर सगळं ताणायचं आणि बरोबर पहिल्या ठोक्यावर परतीची कळ दाबायची. खोली एकदम मोकळी होते, उघडी किक उरते. लोक ओरडतात ते चढताना नाही, या परतण्याच्या क्षणी. तुमच्या मशीनवर अशी कळ आहे का, हे हस्तपुस्तिकेत सर्वात आधी बघा. नसेल तर स्वच्छ पॅटर्नची एक प्रत शेजारच्या जागेवर ठेवा आणि तिच्यावर उडी मारा.

मोजायची सवय लावून घ्या. 128 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 128 ठोक्यांच्या वेगाला, चार ठोक्यांचा एक बार 1.875 सेकंदांचा असतो, म्हणजे 16 बार बरोबर 30 सेकंदांचे. 45 मिनिटांच्या सेटमध्ये असे 90 तुकडे बसतात. हा हिशोब कळला तेव्हा माझी भीती कमी झाली. प्रत्येक तुकड्यात एकच ठळक बदल केला तरी पुरतो. नवीन माणूस दर चार बारांना काहीतरी करत राहतो, कारण त्याला वाटतं रिकामे हात दिसले तर वाईट. ऐकणाऱ्याला ठेक्यात बसायलाच 16 बार लागतात. तेवढा वेळ हात मागे घेऊन ऐका.

किती मशिनं घ्यावीत? सुरुवातीला एक. ड्रम, बेस आणि सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे) एकाच डब्यात असलेला ग्रूव्हबॉक्स घ्या आणि त्याच्यावर 20 मिनिटं न थांबता वाजवता येईपर्यंत दुसरं काही जोडू नका. माझं टेबल एके काळी सात मशिनांचं होतं, आज तीन आहेत: ड्रम आणि सॅम्पलसाठी एक, बेससाठी एक अ‍ॅनालॉग सिंथ (विजेवर स्वर तयार करणारं वाद्य) आणि एक डीले पेडल. शिवाय छोटा मिक्सर. दोन हातांना एवढं पुष्कळ होतं. संगणकाशी माझं वैर नाही. सॅम्पल कापायला आणि सगळ्या पॅटर्नची प्रत ठेवायला तो घरी रोज लागतो. स्टेजवर मात्र स्क्रीनकडे बघताना माझे कान बंद होतात, म्हणून तिथे तो नाही.

दोन मशिनं झाली की प्रश्न येतो क्लॉकचा, म्हणजे सगळ्यांनी एकाच वेगात चालण्याचा. मिडी या मशिनांनी एकमेकांशी बोलायच्या भाषेचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक 1983च्या जानेवारीत झालं, दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ एका केबलने एकमेकांशी बोलले. आजही तीच भाषा चालते. मिडी क्लॉक एका ठोक्यात 24 टिक पाठवतं आणि बाकीची मशिनं त्या टिका मोजत चालतात. लक्षात ठेवायचं ते हे की टिका वेगळ्या आणि ‘स्टार्ट’ हा संदेश वेगळा. चालू सेटमध्ये केबल निसटली आणि तुम्ही परत खोचली, तर त्या मशीनला टिका मिळतात पण पहिला ठोका कुठला ते कळत नाही. ते गप्प बसतं नाहीतर भलत्याच जागेवरून चालतं. अशा वेळी त्या मशीनचा आवाज म्यूट करायचा, ते हाताने पहिल्या ठोक्यावर सुरू करायचं आणि मगच फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकती कळ) वर न्यायचा. हे घरी मुद्दाम केबल उपसून शिका.

मास्टर, म्हणजे क्लॉक पाठवणारं मशीन, एकच ठेवा आणि शक्यतो ड्रम मशीनच ठेवा, कारण ते बंद पडलं तर तसंही सगळं थांबणारच. बाकीच्यांना क्लॉक फक्त घ्यायला सांगा, पाठवायला नको. दोन मशिनं एकमेकांना क्लॉक पाठवू लागली की वेग डळमळतो आणि कारण सापडत नाही. तीनपेक्षा जास्त मशिनं असतील तर एकामागे एक माळ करण्याऐवजी मिडी थ्रू बॉक्स (एकच संदेश सगळ्या मशिनांना वाटणारा डबा) लावा. आणखी दोन सापळे: जुन्या ड्रम मशिनांवरचं सिंकचं पाच पिनांचं भोक मिडीसारखंच दिसतं पण ते मिडी नसतं, आणि छोट्या 3.5 मिमी जॅकवरून येणाऱ्या मिडीचे ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. 2018मध्ये ए प्रकार प्रमाण ठरला, त्याआधीच्या मशिनांत दोन्ही सापडतात. चुकीचा प्रकार लावला तर काही जळत नाही, फक्त शांतता मिळते आणि माणूस तासभर सेटिंग तपासत बसतो.

मास्टर थांबला तर? माझ्या हातून एकदा रेकॉर्डऐवजी स्टॉप दाबलं गेलं. त्या रात्री मला वाचवलं ते पेडलमध्ये गरगरत राहिलेल्या शेवटच्या स्वराने. तेव्हापासून क्लॉकवर अवलंबून नसलेला एक आवाज माझ्याकडे कायम तयार असतो, सिंथवर धरून ठेवलेला एक लांब स्वर, स्वतंत्र फेडरवर. सगळं बंद पडलं तरी तो वर केला की श्वास घ्यायला 30 सेकंद मिळतात. आता मी तो मुद्दामही वापरते, वेग बदलायचा असेल तेव्हा. 124वरून 132वर सरळ उडी कानाला खुपते. मध्ये बिनठेक्याचा एक मिनिट आला की नवा वेग आपोआप स्वाभाविक वाटतो.

आवाजाच्या पातळ्या हा कंटाळवाणा पण न टाळता येणारा भाग. सगळ्या पॅटर्नमधली किक एकसारखी मोठी हवी. तिलाच माप धरा आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवा. हेडफोनवर हे जमत नाही. मोठ्या स्पीकरवर बेस कितीतरी फुगतो, म्हणून मिळेल तिथे एकदा मोठ्या सिस्टिमवर ऐका आणि सिंथच्या लांब स्वरांतला तळचा भाग कापून टाका. किक आणि बेस मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) ठेवा; कित्येक ठिकाणी सिस्टिमच मोनो असते आणि स्टिरिओत पसरलेला बेस तिथे पातळ होतो. मिक्सरवर लाल दिवा एकदाही लागता कामा नये. मोठं करायचं काम साउंड इंजिनिअरचं आहे, त्यांना जागा ठेवा.

त्यांच्याशी नीट वागा, एवढं एका वाक्यात सांगून पुढे जाता येणार नाही. आधीच कळवा: लाइन पातळीचे दोन आउटपुट, जॅक, दोन डीआय बॉक्स लागतील, टेबल एवढ्या लांबीचं, चार सॉकेट आणि एक मॉनिटर (आपल्याकडे तोंड केलेला स्पीकर). डीआय बॉक्स यासाठी की साधी जॅक केबल पाच-सहा मीटरच्या पुढे नेली की ती गुणगुण ओढून घेते. तरी घूं आवाज आला तर आधी यूएसबीवर चालणारं मशीन वेगळ्या अडॅप्टरवर घ्या. पाच पिनांच्या मिडीमध्ये दोन मशिनांची वीज एकमेकांना भिडू नये म्हणून आत प्रकाशाने संदेश पोहोचवणारा सुटा भाग असतो, यूएसबीत तसा नसतो, त्यामुळे गुणगुणीचा उगम बहुतेक वेळा तिथेच असतो. मग डीआयवरची ग्राउंड लिफ्टची (आवाजाच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारी) कळ. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा उपाय कोणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा; त्यात जीव जाऊ शकतो.

अडॅप्टरवर मशीनचं नाव लिहा. 9 व्होल्टच्या दोन अडॅप्टरांत एकाचं टोक आतून धन आणि दुसऱ्याचं ऋण असू शकतं, आणि उलटं लागलं तर मशीन मरू शकतं. एक जादा अडॅप्टर, प्रत्येक प्रकारची एक जादा केबल आणि डोक्याला लावायचा टॉर्च पिशवीत हवा. ऑर्बिटल ही ब्रिटिश जोडी डोक्यावर दोन टॉर्च लावून वाजवते. लोकांना ती वेशभूषा वाटते, पण अंधारात नॉब दिसण्याची गरज खरी आहे. अ‍ॅनालॉग सिंथ असेल तर 15-20 मिनिटं आधी चालू करून मगच सुरात लावा, गरम होताना तो सरकतो. आणि कानात प्लग घाला: 100 डेसिबलला 15 मिनिटांपलीकडे उघड्या कानांनी राहू नये, आणि तुम्ही तर स्पीकरशेजारी उभे असणार.

सरावाबद्दल एवढंच की सेट रोज पहिल्यापासून वाजवू नका. दोन तुकड्यांमधला सांधा घ्या, शेवटचे 16 आणि पुढचे 16 बार, आणि तोच दहा वेळा वाजवा. आठवड्यातून एकदा मात्र उभं राहून, दिवे मालवून, न थांबता पूर्ण सेट वाजवा आणि रेकॉर्ड करा. पहिलं काम मिळवताना हेच रेकॉर्डिंग उपयोगी पडतं: 20-30 मिनिटांचं, न कापलेलं, शक्य असेल तर हात दिसतील असं. आयोजकाला त्यातून कळतं की ही व्यक्ती सुरू करून शेवटपर्यंत नेऊ शकते. सुरुवातीला वेळ मिळेल ती संध्याकाळची पहिली. त्या वेळेला शोभेल असं वाजवा, कमी वेग, जास्त मोकळी जागा; मध्यरात्रीचा सेट रात्री आठला वाजवून पुढच्या कलाकाराची वाट अवघड करू नका.

सेट संपला की आधी मिक्सरचे फेडर खाली, मग मशिनं बंद. आणि तेव्हा सेव्ह दाबू नका. हात गरम असतात, आत्ता जे वाजलं ते जपावंसं वाटतं, पण त्या ताणलेल्या, उघडलेल्या आवाजांनी स्वच्छ पॅटर्न पुसले जातात आणि पुढच्या सेटची सुरुवातच कर्कश होते. जे वाजलं ते रेकॉर्डरमध्ये आहेच. काही मशिनं बंद करतानाची अवस्था स्वतःहून धरून ठेवतात. तिथे दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट पुन्हा लोड करावा लागतो. मी ते सकाळी उठल्यावर करते, केबल गुंडाळायच्या आधी, पहिला पॅटर्न एकदा ऐकून.